ग्लुकचा 'इफिजेनी आँ तोरिद' उभा करायचा तर काय काय लागतं?

विंगेतून

ग्रीक शोकांतिकेवरचा ऑपेरा म्हटलं की गप्पा श्ट्राउसच्या 'एलेक्ट्रा'वर जातात आणि तिथंच मुक्काम ठोकतात. 'एलेक्ट्रा'ला शंभरावर वादक लागतात, तेव्हा मध्यम नाट्यगृहाने तिच्या वाटेला न गेलेलंच बरं. १८व्या शतकातल्या ग्लुक या संगीतकाराचा 'इफिजेनी आँ तोरिद' मात्र ४५ वादक, ३० जणांचा कोरस आणि चार मोठ्या भूमिकांत होतो. कागदावर सोपा वाटतो, म्हणून लोक हातात घेतात आणि फसतात. कुठे फसतात, त्यासाठी हा धागा.

थोडक्यात माहिती: पहिला प्रयोग १८ मे १७७९, पॅरिस. संहिता निकोला-फ्रांस्वा गियारची, मूळ आधार युरिपिडीजचं नाटक. चार अंक, भाषा फ्रेंच, निव्वळ संगीत पावणेदोन ते दोन तास.

गोष्ट: ऑलिसला बापाने बळी द्यायला काढलेल्या इफिजेनीला देवी डायनाने उचलून तॉरिसला, म्हणजे आजच्या क्रिमियात, नेलंय. तिथं ती देवीची पुजारीण आहे आणि किनाऱ्यावर येणाऱ्या परक्यांचा बळी देणं हे तिचं काम. राजा तोआस, प्रजा सिथियन (आपल्या इतिहासातल्या शकांचे भाऊबंद). वादळात दोन ग्रीक किनाऱ्याला लागतात, ओरेस्त आणि त्याचा मित्र पिलाद. ओरेस्त तिचा सख्खा भाऊ, आईला मारून आलेला. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत.

रसग्रहणाचे धागे आधी भरपूर झालेत. इथं वृंद, कोरस, नेपथ्य, प्रॉपर्टी, तालमी एवढंच बोलू.

खर्ज

वृंदापासून (ऑर्केस्ट्रा) सुरुवात करतो.

बासऱ्या २ (दोघांनाही पिकोलो वाजवता यायला हवी), ओबो २, क्लॅरिनेट २, बसून २, हॉर्न २, ट्रम्पेट २, ट्रॉम्बोन ३, टिंपनी. सिथियनांच्या नाचगाण्यासाठी ढोल, झांजा आणि ट्रायँगल, म्हणजे दोन तालवादक वेगळे धरा. तंतुवाद्यं ८-७-५-४-३ (पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास) असली तर मध्यम नाट्यगृहाला पुरतात. पैसे वाचवायचेच झाले तर व्हायोलिनची एक जोडी कमी करा. व्हायोलाला (व्हायोलिनचं थोडं मोठं, खालच्या सुराचं भावंड) हात लावू नका. का ते पुढे येईलच.

पिटची (रंगमंचापुढची वृंदाची खोलगट जागा) जागा माणशी सरासरी दीड चौरस मीटर धरा, म्हणजे ६५ ते ७० चौरस मीटर. टिंपनी आणि ट्रॉम्बोन कोपऱ्यात, रंगमंचाच्या छज्जाखाली. ट्रॉम्बोनची तोंडं प्रेक्षकांकडे नकोत, आडवी ठेवा. दुसऱ्या अंकात सूडदेवतांच्या (आईच्या खुनासाठी ओरेस्तच्या मागे लागलेल्या) कोरसला त्यांचा जोर हवा असतो, पण थेट प्रेक्षागृहात सोडले तर कोरसचा एक शब्द कळत नाही.

क्लावसँ (हार्पसिकॉर्ड) भाड्याने आणायची गरज नाही. यातले सगळे रेसिटेटिव्ह (गाण्यांमधले बोलल्यासारखे गायचे भाग) वृंदासोबत आहेत. पण याचा अर्थ असा की गायकाला मोकळेपणी बोलल्यासारखं गाता येत नाही, आणि कंडक्टरला प्रत्येक रेसिटेटिव्हमध्ये ठोका द्यावा लागतो. मोत्सार्टच्या इटालियन ऑपेरांची सवय असलेला गट इथं पहिल्या आठवड्यातच दमतो. या भागांसाठी वृंदाच्या तालमीचा एक पूर्ण सत्र अधिक मागून घ्या.

प्रत कोणती, हेही आधी ठरवा. १७७९ ची फ्रेंच, ग्लुकनेच १७८१ मध्ये व्हिएन्नासाठी केलेली जर्मन (यात ओरेस्त टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाज, आहे, फ्रेंचमध्ये बॅरिटोन, म्हणजे त्याखालचा), आणि तिसरी, रिशार्ट श्ट्राउसने १९व्या शतकाच्या अखेरीस केलेलं जर्मन रूपांतर, ज्यात शेवट बदललाय. जुन्या पियानो प्रतींमध्ये या तिन्हींची सरमिसळ सापडते. गायकाच्या हातात एक, वृंदाच्या स्टँडवर दुसरी असा प्रकार नको. बेरेनरायटर प्रकाशनाच्या ग्लुक समग्रातला गेरहार्ड क्रोल संपादित खंड धरला की वाद मिटतो.

आणि पट्टी, म्हणजे वाद्यं ज्या सुराला लावायची ती. त्या काळच्या पॅरिस ऑपेराची पट्टी आजच्या ४४० हर्ट्झपेक्षा बरीच खाली होती. जुन्या वाद्यांचे गट आज ४१५ च्या आसपास किंवा त्याहून खाली, ३९२ पर्यंत लावतात, म्हणजे अर्धा ते एक सूर खाली. आधुनिक वाद्यांवर ४४० ला केलं तर ओरेस्त आणि पिलाद दोघांच्या भूमिका सतत वरच्या टोकाला राहतात. पिलाद मुळात 'ओत-कोंत्र', म्हणजे फ्रेंच पद्धतीच्या उंच टेनरसाठी लिहिलाय. जड आवाजाचा टेनर घेतला तर तिसऱ्या अंकाच्या शेवटी 'दिव्हिनिते दे ग्रांद्झाम' या त्याच्या गाण्यापर्यंत पोचतो तेव्हा गळ्यात काही उरलेलं नसतं. तिथं तर ट्रम्पेट आणि टिंपनी त्याच्या डोक्यावर असतात.

शंकासुर

नांदी किती मिनिटांची आहे? उशिरा येणाऱ्यांना किती वेळ मिळतो?

विंगेतून

शंकासुर, इथंच पहिली गोम आहे. नांदी नाहीच. म्हणजे ओव्हर्चर नाही.

सुरुवातीला मिन्युएटच्या चालीचा एक शांत, छोटा तुकडा आहे. त्यावर शीर्षकच 'शांतता' असं आहे. मग लांबून वादळ येतं, जवळ येतं, पाऊस आणि गारा पडतात (हे टप्पे स्वरलिपीत लिहिलेले आहेत), आणि त्या वादळाच्या ऐन भरात इफिजेनी गायला लागते, पुजारिणी तिला साथ देतात. टाळ्यांना जागा नाही, पडदा उघडायला निवांत क्षण नाही. उशिरा आलेल्यांना पहिला अंक संपेपर्यंत बाहेरच थांबवावं लागतं, हे तिकिटावरच छापा. दारं उघडबंद झाली की तो शांत तुकडा गेलाच.

दिग्दर्शक इथं दोन चुका करतात. एक, वादळाच्या संगीतावर मागची सगळी कथा मूकाभिनयात दाखवणं: बापाचा खून, आईचा खून, रक्त, कुऱ्हाड. मग दहा मिनिटांनी इफिजेनी आपलं स्वप्न सांगते, घर कोसळलेलं, बाप रक्ताने माखलेला, तेव्हा प्रेक्षकाला त्यात नवीन काही उरत नाही. ते स्वप्न ऐकायचं आहे. पाहायचं नाही.

दुसरी चूक म्हणजे गडगडाटाचा पत्रा. एक बाय दोन मीटरचा पातळ पोलादी पत्रा टांगून हलवला की आवाज फक्कड येतो, कॅनव्हास गुंडाळलेलं वाऱ्याचं चाक तर त्याहून. पण वादळ वृंदात लिहून ठेवलंय. पिकोलो वीज काढतात, टिंपनी गडगडते. वर पत्रा हलवला की सगळ्यात आधी इफिजेनीचे शब्द जातात. वापरायचाच असेल तर ती गायला लागण्यापूर्वी एकदा, लांबून, आणि मग बंद. विजेसाठी स्ट्रोबही जपून. कोरसला कंडक्टर दिसेनासा होतो.

वादळ ओसरल्यावर ती जे म्हणते ते मनात ठेवा: बाहेर शांतता परत आली, पण माझ्या मनात वादळ अजून आहे. हीच गोष्ट दुसऱ्या अंकात उलटी होऊन येते.

मध्यसप्तक

उलटी कशी, ते मी लिहिते, कारण संपूर्ण प्रयोगाची गुरुकिल्ली तिथं आहे असं माझं मत.

दुसऱ्या अंकात पिलादला ओढून नेल्यावर ओरेस्त एकटा उरतो आणि गातो, 'माझ्या मनात शांतता परततेय'. गळ्यातली ओळ खरंच शांत आहे, अरुंद, जवळजवळ झोपाळलेली. पण खाली व्हायोला एकाच स्वरावर अडखळत, ठोक्याला सोडून, मधूनच जोर देत वाजत राहतात. ग्लुकला कुणी विचारलं की गायक शांत म्हणतोय तर व्हायोला अशा का, तेव्हा तो म्हणाला म्हणे की तो खोटं बोलतोय, त्याने आईला मारलंय. किस्सा जुना आहे, सगळ्यांनी ऐकलेला, पण रंगमंचावर त्याचा अर्थ लावताना नेमकी गल्लत होते.

गल्लत अशी: दिग्दर्शक व्हायोला ऐकतो आणि ओरेस्तला जमिनीवर लोळवतो. केस उपटणं, साखळ्या आपटणं. मग जे ऐकू येतं तेच दिसतं आणि विरोध संपला. ओरेस्तने हलायचंच नाही. त्याला आपण शांत झालोय असं मनापासून वाटतंय. खोटं पकडण्याचं काम व्हायोलांचं आहे, अभिनयाचं नाही.

प्रत्यक्षात यासाठी:
व्हायोला किमान पाच, सहा असतील तर उत्तम. नेहमीच्या मधल्या जागी न बसवता बाहेरच्या कडेला, चेलोंच्या जागी बसवून पाहा. त्यांचा जोर एकसारखा हवा, म्हणून प्रमुख वादकाने धनुष्याच्या खुणा पहिल्या तालमीआधीच लिहून वाटाव्यात. कंडक्टरने लय ओढू नये. हळू केलं की अडखळणं ऐकू न येता ते अंगाईगीत होतं. आणि या गाण्यात साखळीचा एकही आवाज नको.

प्रॉपर्टीवाला

साखळीवरून सुरुवात करतो मग.

६ मिमीची पोलादी साखळी मीटरला पाऊण किलोच्या आसपास भरते. दोन मनगटं, दोन घोटे, मधला दुवा धरून प्रत्येकाच्या अंगावर तीन किलोच्या घरात वजन जातं आणि प्रत्येक श्वासाला खणखण. ॲल्युमिनियमची घ्या, वजन एक तृतीयांश. कड्यांच्या आतून काळा कापूस-दोरा ओवला की आवाज जवळपास जातो. जिथं आवाज हवाच आहे (प्रवेश करताना, पिलादला ओढून नेताना) तिथं खऱ्या पोलादाचा एक तुकडा पहारेकऱ्याच्या हातात द्या.

दोन मनगटांमधलं अंतर ४० सेंमीपेक्षा कमी नको. तिसऱ्या अंकात दोघं कुणी मरायचं यावर भांडतात, मिठी मारतात, आणि आखूड साखळीत मिठी मारता येत नाही. मनगटातली कडी वेल्क्रोची, वरून चामडं. गायक पडला तर एका झटक्यात सुटायला हवी.

बळीचा सुरा: बोथट ॲल्युमिनियम, टोक गोल, पातं मॅट. चकचकीत पात्यावरून स्पॉट थेट प्रेक्षकांच्या डोळ्यात जातो. सुरा मोजून द्यायचा, मोजून परत घ्यायचा, कुलपात ठेवायचा. इफिजेनीने तो उगारताना ओरेस्तच्या अंगाच्या रेषेत नाही तर त्याच्या पलीकडच्या बाजूला उगारायचा. प्रेक्षागृहातून फरक कळत नाही.

वेदीवरचा अग्नी. खरी ज्वाळा म्हटली की अग्निशमनाची परवानगी, आगरोधक रसायनात बुडवलेले पडदे, प्रत्येक विंगेत एक माणूस. पंखा आणि रेशमी कापडाची खोटी ज्वाळा स्वस्त पडते, पण चौथ्या अंकातल्या देवीच्या स्तोत्रात वृंद इतका हळू आहे की पंख्याची घरघर तिसऱ्या रांगेत ऐकू येते. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे पाण्याची अल्ट्रासोनिक वाफ आणि खालून एलईडी.

आता ज्याबद्दल खरंच काळजी घ्यावी ती गोष्ट. दुसऱ्या अंकात सूडदेवता आल्या की सगळ्यांना जमिनीवर सरपटणारं धुकं हवं असतं, आणि ते कोरड्या बर्फाने छान दिसतं. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. रंगमंचावरून तो उतारानं थेट पिटात उतरतो. एक किलो कोरड्या बर्फाचा अर्ध्या घनमीटरहून थोडा जास्त वायू होतो. दहा किलो वापरला आणि सगळा पिटात गेला, तर ७० चौरस मीटर, दोन मीटर खोल पिटात त्याचं प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या घरात जातं. आठ तासांच्या कामासाठी सर्वसाधारण मर्यादा आहे अर्धा टक्का. तिथं बसलेले बासरी आणि ओबोवाले जोरजोरात श्वास घेत असतात. म्हणून रंगमंचाच्या कडेला १५ सेंमीचा बांध, पिटात बाहेर ओढणारा पंखा आणि मोजणारं यंत्र. हे तिन्ही जमत नसेल तर धुक्याचा नाद सोडा, काळोख पुरतो.

शंकासुर

ग्लायकॉलचं धुकं नाही का चालणार?

प्रॉपर्टीवाला

ते हलकं, वर जातं, आणि गायकांचा घसा कोरडा करतं. मालकी हक्काने ओरेस्त गाणारा भांडायला येईल. अगदी पातळ हेझ (झिरझिरीत धुरकं), तोही प्रयोगाआधी सोडून स्थिरावू दिलेला, एवढंच.

कपडेपट

कोरसच्या कपड्यांचं गणित कुणी मांडलं नाही अजून. तालमीच्या चौथ्या आठवड्यात ते लक्षात येतं आणि धावपळ उडते, म्हणून आधीच लिहिते.

कोरस कोण कोण आहे? बायका: पुजारिणी. पुरुष: पहिल्या अंकात सिथियन, शेवटी काही सिथियन आणि काही पिलादसोबत आलेले ग्रीक. आणि दुसऱ्या अंकात सूडदेवता, ज्यात चारही आवाज लागतात, म्हणजे बायका-पुरुष सगळे.

पुरुषांचं ठीक आहे. पहिला अंक संपल्यावर ओरेस्त-पिलादचा लांब प्रवेश आहे, कपडे आणि रंगभूषा बदलायला वेळ मिळतो.

बायकांचं गणित मात्र जुळत नाही. सूडदेवता 'आईला मारलं याने' असं ओरेस्तच्या कानात ओरडतायत, आईचं, क्लितेम्नेस्त्राचं, भूत दिसतं, आणि त्याच क्षणी दार उघडून इफिजेनी येते. पुजारिणींसह. मध्ये सेकंदसुद्धा नाही. त्याच बाया एका बाजूने सूडदेवता म्हणून जाणार आणि दुसऱ्या बाजूने पुजारिणी होऊन येणार, हे अशक्य.

उपाय तीन.

पहिला: बायकांच्या कोरसचे दोन गट, ८ सूडदेवता आणि ८ पुजारिणी. पण मग दोन्ही कोरस अर्ध्या ताकदीचे होतात, आणि अंकाच्या शेवटी 'ओ मालरझ इफिजेनी' या इफिजेनीच्या गाण्यानंतर पुजारिणींच्या विलापाला पूर्ण १६ आवाज हवेत. त्यासाठी सूडदेवतांना मागच्या मागे बदलून आणायला दहा-बारा मिनिटं आहेत. जमतं, पण कपडेपटात चार माणसं जास्त लागतात.

दुसरा: सूडदेवता गाणाऱ्या विंगेत किंवा पिटात, रंगमंचावर नर्तक. दिग्दर्शक रॉबर्ट कार्सनने २००६ पासून शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, लंडन इथं केलेल्या प्रयोगात संपूर्ण कोरसच पिटात होता आणि वर नर्तक. नृत्यदिग्दर्शक पिना बाउशने १९७४ मध्ये वुपरटालला गायक बाजूच्या सज्जांत ठेवून सगळं नाटक नर्तकांकडून करून घेतलं होतं.

तिसरा, मला सगळ्यात आवडणारा: लपवायचंच नाही. सूडदेवता म्हणजे पुजारिणीच. राखाडी बुरखा, आतून पुजारिणीचा पांढरा झगा. दार उघडल्याचा उजेड आत आला की बुरखा खांद्यावरून मागे पडतो. बुरख्याला बटण, हूक काही नको, मानेजवळ फक्त चुंबक. कापड जड लोकरीचं घेतलं तर आपोआप पडतं, नायलॉन अंगाला चिकटतं आणि सगळं हास्यास्पद होतं.

एक आणखी. इफिजेनीला पाहून ओरेस्त 'आई!' असं किंचाळतो. भुताचा आणि इफिजेनीचा आकार एकच दिसला पाहिजे: तीच उंची, तोच ओढणीचा घेर, प्रकाश मागून. भुताचं काम करणारी नटी इफिजेनीपेक्षा वीतभर उंच असेल तर ही किंकाळी प्रेक्षकाला कळत नाही.

खर्ज

कपडेपट, तिसरा उपाय झकास. दुसऱ्याबद्दल मात्र सावध करतो.

विंगेतला कोरस कंडक्टरपासून २० मीटरवर असेल तर आवाज पोचायला ५८ मिलिसेकंद लागतात. त्यात कोरस कंडक्टरला थेट न पाहता पडद्यावर पाहणार. साध्या डिजिटल कॅमेरा-टीव्ही जोडीत चित्रच ५० ते १०० मिलिसेकंद मागे असतं. बेरीज करा: एकशे दहा ते एकशे साठच्या आसपास. जलद लयीत हा पाव ठोका होतो. प्रेक्षकाला वाटतं कोरस झोपलाय.

म्हणून कमी विलंबाची, थेट तारेची चित्रव्यवस्था, आणि विंगेत सहायक कंडक्टर जो पडद्यापेक्षा किंचित पुढे ठोका देतो. कोरसला वृंद स्पीकरवर ऐकवू नका, ते मग त्यालाच धरून गातात आणि आणखी मागे पडतात. पिटात बसवला तर हा प्रश्न उरत नाही, पण ३० माणसांची जागा कुठून आणणार?

मध्यसप्तक

मला कोरस अदृश्य करणंच पटत नाही. युरिपिडीजमध्ये कोरस म्हणजे पळवून आणलेल्या ग्रीक बायका, घराची आठवण काढणाऱ्या. ग्लुकमध्येही पुजारिणी ग्रीकच आहेत. त्या दिसल्या नाहीत तर इफिजेनी फक्त एक दुःखी बाई उरते. त्या दिसल्या की ती त्यांच्यातली एक होते, आणि सुरा तिच्याच हातात का, हा प्रश्न बोचायला लागतो. नर्तक सुंदर दिसतात हे मान्य.

कपडेपट

ते पुजारिणींपुरतं मान्य. सूडदेवता मात्र ओरेस्तच्या डोक्यात आहेत, त्या दिसल्या पाहिजेत असा हट्ट नको.

जाता जाता: ग्रीक म्हणून सगळ्यांना पांढऱ्या चादरी गुंडाळायची सक्ती नाही. १९५७ मध्ये ला स्कालाला दिग्दर्शक व्हिस्कोन्तीने गायिका मारिया कॅलाससोबत हाच ऑपेरा (इटालियनमध्ये) केला तेव्हा पोशाख १८व्या शतकाचे होते.

शंकासुर

शेवटी डायना आकाशातून उतरते असं वाचलं. तारेवरून?

प्रॉपर्टीवाला

उतरते, लढाई थांबवते, मूर्ती ग्रीकांना परत द्या म्हणते, ओरेस्तला मायसिनीला राज्य करायला पाठवते, संपलं. (युरिपिडीजमध्ये हे काम अथेना करते, आणि तिथं तोआस मरतही नाही. ग्लुककडे पिलाद त्याला मारतो.)

तारेवरून उतरवायचं तर माणसासाठी प्रमाणित यंत्रणा, दोन स्वतंत्र आधार, दहापट सुरक्षा, आणि मध्येच अडकली तर तिला खाली कसं आणायचं याचा लिहिलेला, प्रत्यक्ष करून पाहिलेला आराखडा. हार्नेसचा पट्टा बरगड्यांखाली आवळला की गायिकेचा श्वास अर्धा होतो. काही मिनिटांच्या भूमिकेसाठी एवढा खर्च क्वचितच वसूल होतो.

स्वस्त आणि परिणामकारक: डायना पहिल्या बाल्कनीत, प्रेक्षकांच्या मागून. सगळे लढणारे आवाजाच्या दिशेने वळतात, म्हणजे प्रेक्षकांकडे पाहतात. कंडक्टर तिला दिसायला हवा, त्यासाठी बाल्कनीच्या कठड्यावर एक छोटा पडदा. आवाज लांबून येतो म्हणून तिने किंचित आधी सुरू करायचं, एवढी एक तालीम वेगळी करा.

विंगेतून

आता ओळखीचा प्रसंग, कारण सरटायटलवाले (रंगमंचावर गाण्याचा अनुवाद पाट्यांवर दाखवणारे) इथं हमखास घात करतात.

युरिपिडीजमध्ये बहीण-भावाची ओळख पत्रातून पटते. इफिजेनी घरी पाठवायचं पत्र मोठ्याने वाचून दाखवते आणि ज्याच्यासाठी पत्र तो समोरच उभा. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये ही युक्ती ईडिपसच्या जोडीने वाखाणली आहे. पण तिथंच तो पॉलिइडस नावाच्या एकाची दुसरी कल्पनाही सांगतो: वेदीवर नेताना ओरेस्त म्हणतो, माझ्या बहिणीसारखाच मीही बळी जाणार, आणि त्यावरून ती ओळखते. गियारच्या संहितेत नेमकं हेच आहे. सुरा वर, आणि ओरेस्त म्हणतो, 'अशीच ऑलिसला तू गेलीस, इफिजेनी, माझ्या बहिणी!'

सरटायटलची पाटी गायकाच्या आधी अर्धा सेकंद जरी आली तरी प्रेक्षकांतून 'आ' निघतो आणि इफिजेनी रंगमंचावर शेवटची कळते. ही ओळ दोन पाट्यांत तोडा. 'इफिजेनी' हे नाव दुसऱ्या पाटीवर, गायकाने उच्चारल्यावरच. चालवणाऱ्याकडे स्वरलिपी हवी, नुसती ओळींची यादी नाही.

मराठी ओळी दाखवायच्या झाल्या तर आणखी दोन गोष्टी. देवनागरीला वरखाली मात्रा-वेलांट्या असल्याने ओळींमधलं अंतर जास्त लागतं. इंग्रजीसाठी बसवलेल्या चौकटीत टाकलं तर वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात. एका पाटीत दोन ओळी, ओळीला ३५ अक्षरांच्या आत. आणि 'तू' की 'तुम्ही' हे पहिल्या दिवशी ठरवा. परक्या कैद्याशी पुजारीण 'तुम्ही' बोलेल, तोही. मग या एका ओळीत पहिल्यांदा 'तू' येतो, मूळ फ्रेंचमध्येही तिथं 'तू'च आहे. आधीच सगळीकडे 'तू' खर्चून टाकला असेल तर हा क्षण मराठीत उगवतच नाही.

मध्यसप्तक

+१. आणि त्यानंतर कंडक्टरने थांबू नये. टाळीसाठी जागा केली की संपलं.

खर्ज

तालमींचं वेळापत्रक कुणी विचारण्याआधी:

कोरसला पाठांतरासाठी दोन महिने आधी, आठवड्याला दोनदा. फ्रेंच उच्चारांचा जाणकार पहिल्या दिवसापासून, शेवटच्या आठवड्यात नाही. अनुनासिक स्वर चुकीचे बसले की उठत नाहीत.
मुख्य गायकांसोबत संगीत, एक आठवडा.
पियानोवर हालचाली, साडेतीन आठवडे. पैकी पहिल्या अंकाची सुरुवात आणि दुसऱ्या अंकाचा मध्य यांना निम्मा वेळ द्या. तिसरा अंक तीन माणसांचा आहे, तो लवकर बसतो.
झिट्सप्रोबे (सगळे बसून, वृंदासह) एक.
रंगमंचावर वृंदासह तीन, कपड्यांसह पियानोवर एक, रंगीत तालीम एक. शेवटच्या रंगीत तालमीनंतर एक दिवस सुट्टी, ओरेस्तच्या गळ्यासाठी.

मध्यंतर दुसऱ्या अंकानंतर. पहिल्या अंकानंतर दिलंत तर दुसऱ्या भागाला पाय फुटत नाहीत. पहिले दोन अंक सलग तासाभराचे होतात, चालतं. शेवटी संगीतकार गोसेकने रचलेला सिथियनांचा बॅले जोडायची जुनी पद्धत आहे, आज सहसा गाळतात, गाळावा.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. तोआस रंगमंचावर मरतो, मग समारोपाच्या कोरसमध्ये त्याचं काय? तसाच पडून राहतो?

कपडेपट

पडून राहिला तर पोट वरखाली होताना दिसतं, बास गायकाचं तर फारच. त्याला पोटावर, प्रेक्षकांकडे पाठ करून पाडा, आणि डायनाचा आवाज आला की सगळे तिकडे वळतात त्या क्षणी दोन सिथियन त्याला झग्यासकट ओढून वेदीमागे नेतात. झग्याखाली फेल्टचा तुकडा शिवलेला असेल तर फरफटीचा आवाज येत नाही. आणि तो उठून थेट रंगभूषेच्या खोलीत जाऊ नये, मागच्या विंगेत थांबवा. दोन मिनिटांत त्याला नमस्काराला यायचं असतं.